कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, मग साखर तोडली तर?

निशिगंधा :

माझ्या मामांची केमो सुरू आहे आणि घरात सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं असं की कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, वॉरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला त्यासाठीच नोबेल मिळालं होतं, तेव्हा साखर, फळं, धान्यं सगळं बंद करा, गाठ उपाशी मरेल. दुसऱ्या तटाचं म्हणणं, माणसाला आधीच अन्न जात नाहीये, त्यात हे कुठलं नवीन. डॉक्टरांना विचारलं तर "जे जाईल ते खाऊ द्या, वजन उतरू देऊ नका" एवढं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

उपचाराचा सल्ला इथे मागत नाहीये, तो डॉक्टरांचाच घेऊ. मला मुळातली गोष्ट समजून घ्यायची आहे. या पेशी साखर खातात म्हणजे नक्की काय करतात? बाकीच्या पेशी खात नाहीत का? आणि यात तथ्य असेल तर साखर तोडून उपयोग का होऊ नये?

तिरकस :

रुमाल टाकून ठेवतो. सूक्ष्मदर्शी आल्या की सावकाश वाचेन.

रानवारा :

यात न समजण्यासारखं काय आहे? शंभर वर्षांपूर्वी वॉरबर्गने दाखवून दिलंय. गाठीतली पेशी साध्या पेशीच्या कितीतरी पट ग्लुकोज ओढते. पेट स्कॅन याच तत्त्वावर चालतो. म्हणजे डॉक्टर लोक स्वतः साखर टोचून गाठ शोधणार आणि वर आपल्यालाच सांगणार की साखरेचा काही संबंध नाही! पथ्यातून कोणाला पैसा मिळत नाही, एवढं साधं गणित आहे.

पानगळ :

पेट स्कॅनचं खरं आहे, माझा झालाय. आधी कित्येक तास उपाशी ठेवलं आणि इंजेक्शन दिल्यावर एका खोलीत गुपचूप पडून राहायला सांगितलं. बोलायचंसुद्धा नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईला स्कॅनपेक्षा तीच शिक्षा मोठी होती. का बोलायचं नाही ते कोणी सांगितलं नाही. इथे कोणाला ठाऊक आहे का?

सूक्ष्मदर्शी :

तिरकस, रुमाल उचला. मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

निशिगंधा, आधी साधी पेशी काय करते ते बघू. ग्लुकोज पेशीत शिरलं की दहा टप्प्यांत त्याचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्याचं नाव पायरुवेट आणि या सगळ्या प्रक्रियेचं नाव ग्लायकोलिसिस. यातून एटीपीचे निव्वळ दोन रेणू हाती लागतात. एटीपी म्हणजे पेशी ज्याच्या जोरावर आपली सगळी कामं उरकते तो रेणू. ऑक्सिजन असेल तर पायरुवेट पुढे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात जातं, तिथे त्याचं पूर्ण ज्वलन होतं, आणि एका ग्लुकोजमागे एकूण साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. (शाळेत आपण ३६ किंवा ३८ पाठ केले होते, तो हिशोब आता मागे पडलाय.) ऑक्सिजन अपुरा पडला, उदाहरणार्थ जीव तोडून पळताना स्नायूंत, की पायरुवेटचं लॅक्टेट (म्हणजे लॅक्टिक आम्लच) बनतं आणि त्या दोन एटीपींवर वेळ मारून न्यावी लागते.

ऑटो वॉरबर्गने १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचा श्वसनाचा आणि आम्ल बनण्याचा वेग मोजला. त्याला दिसलं ते विचित्र होतं. ऑक्सिजन भरपूर असतानाही हे काप धडाधड लॅक्टिक आम्ल तयार करत होते. म्हणजे बत्तीस मिळण्याची सोय असताना पेशी दोनवर समाधान मानतेय, आणि ती तूट भरून काढायला ग्लुकोज अक्षरशः ओरबाडतेय. त्याच सुमारास, १९२५ मध्ये, कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त तपासलं. गाठीच्या बाजूच्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त. तेव्हा काचेच्या भांड्यात दिसलेली गोष्ट जिवंत प्राण्यातही घडते हे तेव्हाच कळलं होतं. रानवारा यांच्या म्हणण्यातला एवढा भाग पक्का आहे.

बाकीच्या पेशी साखर खातात का? सगळ्याच खातात. आणि नेमकी तिथेच पंचाईत आहे. पण त्यावर नंतर, आता स्टेशन आलं.

तिरकस :

म्हणजे घरात वीज असताना जनरेटर लावून बसायचं. ढीगभर डिझेल जाळायचं, गल्लीभर धूर करायचा आणि बल्ब लागणार दोन.

मुक्ता :

@तिरकस, हाहा. पण गाठ एवढी हुशार असते म्हणतात, औषधांना चकवते, लपून बसते, मग असला आतबट्ट्याचा व्यवहार का करेल?

खडूस :

तिरकस, वीज गेलेली नसते, तीही चालूच असते. बहुतेक गाठींमध्ये मायटोकॉन्ड्रिया धडधाकट असतात आणि कामही करत असतात. जनरेटर त्याच्या जोडीला लावलेला असतो.

हे सांगायचं कारण असं की वॉरबर्गचं निरीक्षण आणि वॉरबर्गचा निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हॉट्सॲपवर त्यांची गल्लत होते. निरीक्षण टिकलं. निष्कर्ष असा होता की पेशीचं श्वसन कायमचं बिघडतं आणि त्या बिघाडातूनच कर्करोग जन्माला येतो. हे मत त्याने १९५६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पुन्हा ठासून मांडलं आणि त्याच वर्षी सिडनी वाइनहाउसने त्याला उत्तर दिलं की बाबा रे, गाठीतल्या पेशी ऑक्सिजन व्यवस्थित वापरताना दिसताहेत. वॉरबर्ग १९७० मध्ये गेला, शेवटपर्यंत बधला नाही. पुढे जनुकांमधले बदल सापडत गेले आणि बिघडलेलं श्वसन हे मूळ कारण नाही हे स्पष्ट झालं.

आणि नोबेल. १९३१ चं त्याचं नोबेल श्वसनाच्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल होतं. कर्करोगासाठी नव्हतं, साखरेसाठी तर नव्हतंच. निशिगंधा, घरातल्या पहिल्या तटाला एवढं जरूर सांगा.

रानवारा :

नोबेल कशासाठी होतं यावर कीस पाडून काय मिळणार? वॉरबर्गला कारण चुकीचं वाटलं असेल, मान्य. पण पेशी साखर ओढते हे तर सगळेच कबूल करताय ना? मग पुरवठा तोडा. शत्रूची रसद तोडायला शत्रूचा जन्म कसा झाला हे कळावं लागत नाही.

अनुस्वार :

हा मुद्दा मला रास्त वाटतोय. कोणीतरी नीट उत्तर द्या.

मुक्ता :

आधी माझं उत्तर द्या, आतबट्ट्याचं. माझा नंबर आधी होता.

सूक्ष्मदर्शी :

आले. मुक्ताचं आधी.

आपण पेशीकडे फक्त ऊर्जेच्या हिशोबाने बघतो म्हणून हा व्यवहार तोट्याचा वाटतो. पण ज्या पेशीला सारखं विभाजन करायचंय तिला ऊर्जेइतकाच कच्चा मालही हवा. डीएनए, पटलासाठी मेद, प्रथिनं, सगळं दुप्पट. ग्लुकोज पूर्ण जाळलं तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. अर्ध्यावर थांबवलं तर वाटेतल्या टप्प्यांवरून फाटे फोडता येतात. एका फाट्यावर रायबोज मिळतं, त्याने डीएनए आणि आरएनएचे घटक होतात. दुसऱ्यावर सेरीन नावाचं अमिनो आम्ल. शिवाय ग्लायकोलिसिस हे दर रेणूमागे कंजूष असलं तरी वेगवान आहे, ग्लुकोज मुबलक असेल तर कमी पडणारी तूट वेगाने भरून निघते.

आणि यातलं काहीच कर्करोगाने नव्याने शोधलेलं नाही. जंतूशी लढायला उठलेली आपली टी पेशी अगदी हेच करते. गर्भातल्या वाढत्या पेशी करतात. डोळ्याचा पडदा, जो विभाजनही करत नाही, तोसुद्धा ऑक्सिजन असताना भरपूर लॅक्टेट बनवतो. गाठीने फक्त वाढीचं बटण दाबून धरलेलं असतं. पीआय-३ किनेज आणि एकेटी हा संदेशमार्ग, मिक हे जनुक, ऑक्सिजन कमी पडला की जागं होणारं एचआयएफ हे प्रथिन, हे सगळे मिळून पेशीच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-१ प्रथिनं वाढवतात, ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवणारं हेक्झोकायनेज-२ हे एन्झाइम वाढवतात. (एचआयएफ आणि पेशीला ऑक्सिजन कसा जाणवतो यासाठी २०१९ चं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं.)

अनुस्वार :

थांबा हं. कच्च्या मालासाठी म्हणताय, पण लॅक्टेट तर पेशी बाहेर टाकतेय ना? घेतलेल्या ग्लुकोजचा बराचसा कार्बन जर लॅक्टेट होऊन बाहेरच जात असेल तर त्यातून बांधकाम कसलं झालं? हे उत्तर मला गोल गोल वाटतंय.

खडूस :

+१. अनुस्वार, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. पाठ्यपुस्तकातली ही गोष्ट इथेच जरा लंगडते.

सूक्ष्मदर्शी :

खडूस, आयता तुमच्यासाठी सोडलेला चेंडू आहे, की मी घेऊ?

खडूस :

घेतो. २०१६ मध्ये आलेल्या एका कामात वाढणाऱ्या पेशींच्या वस्तुमानातला कार्बन कुठून येतो ते मोजलं. सर्वांत मोठा वाटा अमिनो आम्लांचा निघाला, ग्लुकोजचा नाही, जरी पेशी सर्वाधिक प्रमाणात ग्लुकोजच गिळत होत्या. तेव्हा 'विटा हव्यात म्हणून साखर' हे अर्धंच उत्तर.

दुसरं उत्तर एनएडी या रेणूभोवती फिरतं. ग्लायकोलिसिस आणि इतर बऱ्याच बांधणीच्या क्रियांना इलेक्ट्रॉन स्वीकारणारा एनएडी सतत रिकामा मिळावा लागतो. मायटोकॉन्ड्रिया तो रिकामा करून देतात, पण त्यांचं चाक एटीपीच्या खपाशी बांधलेलं. एटीपी पुरेसा साठला की ते चाक मंदावतं. आता पेशीला एटीपी पुरेसा आहे पण रिकामा एनएडी अजून हवाय, अशी स्थिती आली तर? पायरुवेटवर इलेक्ट्रॉन लादून त्याचं लॅक्टेट करायचं आणि बाहेर फेकायचं, एनएडी मोकळा. मॅथ्यू वँडर हायडन यांच्या गटाने २०२१ मध्ये हे नीट दाखवलं. या वाचनात लॅक्टेट हा ऊर्जेच्या कारखान्यातला कचरा उरत नाही, ते इलेक्ट्रॉन बाहेर नेऊन टाकण्याचं साधन ठरतं. मला व्यक्तिशः हे जास्त पटतं. पण शंभर वर्षांनंतरही 'का' यावर एकमत नाही, आणि ज्यांना ते एका वाक्यात माहीत असतं त्यांच्यापासून मी दोन हात लांब राहतो.

तिरकस :

माझा जनरेटर मागे घेऊ का?

खडूस :

राहू द्या, धूर तेवढा खरा आहे. ते लॅक्टेट आणि त्याबरोबर बाहेर पडणारे हायड्रोजन आयन यांनी गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो. तिथे आलेल्या टी पेशींचं काम त्यात मंदावतं. त्यात त्यांना स्वतःलाही ग्लुकोज हवं असतं, जे गाठीने आधीच उचललेलं असतं.

मुक्ता :

आम्लधर्मी म्हणजे ते 'अल्कलाइन पाणी प्या, कर्करोग जाईल' वाले बरोबर की काय?!

सूक्ष्मदर्शी :

नाही गं. रक्ताचा सामू शरीर ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवतं, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ते काम अहोरात्र करतात. तू काय प्यायलीस याने तो हलत नाही, आणि हलला तर अतिदक्षता विभागात जावं लागेल. गाठीभोवतीचं आम्ल गाठच तयार करते, पाण्याच्या बाटलीचा तिथपर्यंत हात पोचत नाही.

सोनचाफा :

मी आहारतज्ज्ञ आहे, कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करते. रानवारा यांचा रसदीचा मुद्दा घेते, कारण माझ्याकडे रोज कोणीतरी हाच मुद्दा घेऊन येतं आणि बहुतेकदा खूप वजन गमावून येतं.

रसद तोडायची तर ती एकट्या शत्रूला जात असावी लागते. इथे सगळ्या शरीराला एकच पुरवठा आहे, तो म्हणजे रक्त. मोठ्या माणसाच्या एकूण रक्तात कुठल्याही क्षणी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, छोटा चमचाभर. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम वापरतो. तुम्ही साखर, फळं, धान्य सगळं थांबवलंत म्हणून ही पातळी शून्यावर जात नाही. आधी यकृतातलं साठवलेलं ग्लायकोजेन सुटतं, ते संपत आलं की यकृत नवीन ग्लुकोज बनवायला लागतं. कशापासून? ग्लिसरॉलपासून, लॅक्टेटपासून आणि अमिनो आम्लांपासून. ती अमिनो आम्लं येतात स्नायूंमधून. गाठीला ग्लुकोज मिळतच राहतं, फक्त आता ते रुग्णाच्या मांड्या-दंडांतून मिळतं.

आणि गाठीने टाकलेलं लॅक्टेट यकृत उचलतं, ऊर्जा खर्चून त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं, ते पुन्हा रक्तात. वर ज्या कोरी जोडप्याचा उल्लेख आला त्यांच्याच नावाने हे चक्र ओळखलं जातं. मोठ्या गाठीत या फेऱ्यात रुग्णाची ऊर्जा नुसती खर्ची पडते.

कर्करोगात स्नायू झडण्याचा एक वेगळाच प्रकार असतो, त्याला कॅकेक्सिया म्हणतात. नुसतं जास्त खाऊन तो पूर्ण भरून येत नाही. त्यात वजन घटलं की केमोचा डोस कमी करावा लागतो, पुढे ढकलावा लागतो, संसर्ग वाढतात. निशिगंधा, तुमच्या डॉक्टरांनी घाईत सांगितलं असेल पण जे सांगितलं ते याच कारणासाठी.

रानवारा :

मान्य की यकृत ग्लुकोज बनवतं. पण केटो आहारात, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करून मेदावर भर देणाऱ्या आहारात, इन्सुलिन खाली येतं, आणि सूक्ष्मदर्शींनी वर सांगितलेला पीआय-३ किनेजचा मार्ग इन्सुलिननेच चेततो. यावर काय म्हणणं आहे? हे मी व्हॉट्सॲपवर वाचलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी :

आता बोललात. हा खरा मुद्दा आहे आणि तो साखरेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

२०१८ मध्ये 'नेचर'मध्ये लुइस कँटली यांच्या गटाचं काम आलं. पीआय-३ किनेज रोखणारी औषधं दिली की रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि ते इन्सुलिन औषधाने बंद केलेला मार्ग गाठीत पुन्हा चालू करतं. उंदरांना औषधाबरोबर केटो आहार दिला तर इन्सुलिन वाढलं नाही आणि औषध जास्त लागू पडलं. पण त्याच कामातली दुसरी ओळ फॉरवर्डमध्ये येत नाही. औषधाशिवाय नुसता केटो दिला तर काही गाठींवर परिणाम दिसला नाही आणि रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात तर रोग वेगाने वाढला.

तेव्हा 'आहाराने काहीच होत नाही' हेही खरं नाही. कोणता कर्करोग, त्यात कोणता जनुकीय बदल, जोडीला कोणतं औषध, यावर तोच आहार उपयोगी किंवा घातक ठरू शकतो. माणसांमध्ये ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात केटोच्या लहान चाचण्या झाल्या. लोकांना आहार पाळता आला, पण त्याने रोग रोखला गेल्याचं दिसलं नाही.

सोनचाफा :

आणि यात जोडते, अल्पेलिसिब हे याच मार्गावरचं औषध २०१९ पासून स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात वापरात आहे. ते घेणाऱ्यांची साखर खरोखरच वाढते आणि त्यांना पिष्टमय पदार्थ मोजून खायला आम्ही सांगतो. मधुमेह असलेल्यांनाही सांगतो. स्टेरॉइड सुरू असतील तरी सांगतो. म्हणजे साखर आवरा असं सांगण्याची वेळ येते, पण कारण ठरवून, आणि वजनावर डोळा ठेवून.

पानगळ :

माझा प्रश्न राहिला बरं का. बोलायचं का नाही?

अणुरेणू :

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, इथे सहसा फक्त वाचतो. पानगळ ताई, तुमच्यासाठी लॉगिन केलं.

आम्ही टोचतो ते एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूवरचा एक ऑक्सिजनवाला गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला असतो. पेशीला ते ग्लुकोजच वाटतं, ती आत घेते, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट चिकटवतं. पुढच्या टप्प्याला मात्र तो काढलेला गटच हवा असतो, त्यामुळे गाडं तिथेच अडतं आणि रेणू पेशीत अडकून पडतो. आम्ही त्याचं चित्र घेतो. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं, म्हणून आमची सगळी घाई.

आता, जो स्नायू हलेल तो ग्लुकोज ओढेल. इंजेक्शननंतर तुम्ही गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात आणि डॉक्टरांना घशात काहीतरी आहे असं वाटू शकतं. चालत राहिलात तर पाय चमकतील. थंडी वाजली तर मानेभोवतीचा तपकिरी मेद पेटतो, म्हणून पांघरूण देतो. उपाशी ठेवतो ते इन्सुलिन खाली राहावं म्हणून, नाहीतर सगळं एफडीजी स्नायू आणि हृदय पळवतात.

रानवारा साहेब, 'साखर टोचून' म्हणालात म्हणून सांगतो, त्या इंजेक्शनमध्ये साखर म्हणून मोजावं असं काही नसतंच, इतकं ते किंचित असतं. आणि प्रत्येक स्कॅनमध्ये सगळ्यात झगझगीत काय दिसतं ठाऊक आहे? मेंदू. निरोगी माणसाचासुद्धा. क्षयाच्या गाठी चमकतात, न्यूमोनिया चमकतो, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया चमकते. उलट प्रोस्टेटचे बरेच कर्करोग एफडीजीवर धड दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी पीएसएमए नावाचं वेगळं स्कॅन करतात. जे चमकतं ते सगळं कर्करोग नाही, आणि सगळे कर्करोग चमकत नाहीत.

पानगळ :

अणुरेणू, खूप खूप आभार. पुढच्या वेळी न कुरकुरता गप्प बसेन. (प्रयत्न करेन.)

तिरकस :

थोडक्यात, साखर ओढणाऱ्यांची यादी काढली तर पहिला आरोपी मेंदू. आमच्या ऑफिसात बरेच जण निर्दोष सुटतील.

खडूस :

अणुरेणू यांचा प्रतिसाद सोन्यासारखा. त्यात भर घालायची तर २०२१ मध्ये 'नेचर'मधलं एक काम आहे. उंदरांच्या गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या करून कोण किती ग्लुकोज घेतंय ते मोजलं. दर पेशीमागे सर्वांत जास्त घेत होत्या गाठीत शिरलेल्या मायलॉइड जातीच्या रोगप्रतिकारक पेशी. कर्करोगाच्या पेशींचा ओढा ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडे जास्त होता. म्हणजे स्कॅनवर चमकणाऱ्या ठिपक्यातला काही उजेड आपल्याच सैन्याचा असू शकतो.

त्याआधी २०१७ मध्ये माणसांच्या फुप्फुसांतल्या गाठींत दिसलं होतं की त्या रक्तातलं लॅक्टेटही इंधन म्हणून जाळतात. साखर नाही तर लॅक्टेट, ते नाही तर ग्लुटामिन, नाही तर मेदाम्लं.

अवांतर : एटीपीचा विषय निघालाय तर यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची आठवण काढलीच पाहिजे. सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करताना स्नायूंत एटीपी शोधणाऱ्यांपैकी ते एक, साल १९२९, त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमानने स्वतंत्रपणे शोधलं. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखे दिसणारे पण पेशीला फसवणारे रेणू बनवले. त्यातलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बरने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये रोग काही काळ मागे हटल्याचं जाहीर केलं. त्याचाच भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. नोबेल नाही मिळालं त्यांना. १९४८ मध्येच गेले.

मुक्ता :

सुब्बारावांबद्दल माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा ना खडूस.

अनुस्वार :

मग साखरेचा रस्ताच औषधाने बंद करण्याचे प्रयत्न झाले असतील की. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाबद्दल बरंच ऐकलं होतं मध्यंतरी.

सूक्ष्मदर्शी :

झाले. २-डीऑक्सिग्लुकोज, म्हणजे अणुरेणूंच्या रेणूचाच किरणोत्सार नसलेला भाऊ, तो ग्लायकोलिसिस खरोखर अडवतो. पण गाठीला पुरेसा पडेल इतका डोस दिला की मेंदूही तक्रार करतो. डायक्लोरोॲसिटेट पायरुवेटला मायटोकॉन्ड्रियाकडे ढकलतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचं २००७ चं काम गाजलं, लोकांनी इंटरनेटवरून पावडर मागवून घेतली. त्याने हातापायांच्या नसांना इजा होते. कर्करोगाचं मान्यताप्राप्त औषध काही ते झालं नाही.

मेटफॉर्मिनवर मोठी आशा होती, कारण ते घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी दिसत होता. मग एमए-३२ ही चाचणी झाली, स्तनाचा कर्करोग असलेल्या ३,६०० हून अधिक रुग्णांवर, मधुमेह नसलेल्या. २०२२ मध्ये निकाल आला. मुख्य गटात रोग परतण्यात किंवा जगण्यात फरक नाही.

जिथे यश आलं ती जागा वेगळी आहे. काही रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगांत आयडीएच नावाच्या एन्झाइमचं जनुक बदलतं आणि ते भलताच रेणू बनवू लागतं, २-हायड्रॉक्सिग्लुटारेट. तो रेणू जनुकांच्या नियंत्रणात ढवळाढवळ करतो. हे बदललेलं एन्झाइम रोखणारी औषधं २०१७ आणि २०१८ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झाली, २०२४ मध्ये ग्लिओमा या मेंदूच्या गाठींसाठी. एन्झाइमचं ते रूप फक्त गाठीत असतं, म्हणून मेंदू-स्नायूंना धक्का न लावता नेम धरता येतो.

रानवारा :

म्हणजे उपाशी मारणं ही कल्पनाच बाद?

सूक्ष्मदर्शी :

उलट, एका ठिकाणी ती झकास चालते. मुलांमधल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात. त्या पेशींना ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल स्वतःला पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातून घेतात. बाकीच्या पेशी घरच्या घरी बनवतात. म्हणून रक्तातलं ॲस्पॅराजिन तोडणारं ॲस्पॅराजिनेज हे एन्झाइम टोचतात. ल्युकेमियाच्या पेशी उपाशी पडतात, बाकीचं शरीर बऱ्यापैकी तग धरतं. १९५३ मध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतल्या गाठी विरघळताना दिसल्या, तिथून हा धागा सुरू झाला. आज या मुलांच्या उपचारातलं ते एक मुख्य औषध आहे.

निशिगंधा :

सगळं वाचतेय, दोनदा वाचावं लागतंय. एक विचारू? मग त्या मुलांना ॲस्पॅराजिन असलेलं अन्न वर्ज्य करतात का?

सोनचाफा :

नाही करत. तेच तर. अन्नातून बंद केलं तरी यकृत बनवून रक्तात सोडतं, साखरेसारखंच. रक्तातून ते खरोखर काढायचं तर एन्झाइम टोचावंच लागतं, ताटातून तिथपर्यंत पोचता येत नाही. मामांना काय जातंय ते लिहून ठेवा, दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि रुग्णालयात आहारतज्ज्ञ असेल तर वेगळी वेळ मागा. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

निशिगंधा :

करते. घरात धाग्याची प्रिंट फिरतेय, खडूस यांचा नोबेलवाला परिच्छेद पहिल्या तटाच्या सेनापतींना अजिबात आवडलेला नाही.

रानवारा :

मी अजूनही म्हणेन की निरोगी माणसाने साखर कमी करावी.

सोनचाफा :

त्यावर कोण भांडतंय? लठ्ठपणामुळे १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो याला पुरेसा पुरावा आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलंय. वजन, इन्सुलिन, सूज असा तो लांबचा रस्ता आहे. निरोगी माणसाने वजन आटोक्यात ठेवणं आणि केमो चालू असलेल्याने वजन घालवणं, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रानवारा :

ठीक. आणि खडूस, ग्लुटामिनचं काय? तोही रस्ता बंद करून बघितला असेलच कोणीतरी.

खडूस :

बघितलाय. ग्लुटामिनचं पहिलं पाऊल टाकणारं एन्झाइम रोखणारं टेलाग्लेनास्टॅट नावाचं औषध. मूत्रपिंडाच्या कर्करोगात दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिलं, भरवशाच्या चाचणीत रोग थोपवण्याचा काळ वाढला नाही. आता संशोधक साखर, ग्लुटामिन आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्यातली ओढाताण एकत्र धरून बघताहेत. त्यावर लिहीन, पण मुक्ताने मागितलेला सुब्बारावांचा धागा आधी.